सासरेबुवांच्या मांडीवरचं पीठ

...आणि वर लिहिलंय काय, तर 'पीठ घरातल्या उबदार कोपऱ्यात दोन तास ठेवावं.' आता तुम्हीच सांगा, आमच्या घराला कोपरे चार, त्यातले तीन गारठलेले आणि चौथ्यात फ्रीज! पण पुस्तकात सगळं सोपं असतं हो.

पुस्तक दिलं माझ्या जाऊबाईंनी. खाऱ्या बेकिंगचं. म्हणजे केक नाही, क्रीम नाही. कांद्याचा पाव, चीजची बिस्किटं, ऑलिव्ह घातलेली पिठाची वेणी. वेणी! पोरीच्या केसांची मला धड घालता येत नाही, वादळातून आल्यासारखी शाळेत जाते ती, आणि मी पिठाची घालणार. तरी बसले मळायला. 'कानाच्या पाळीइतकं मऊ होईपर्यंत मळा.' माझे दोन्ही हात पिठात, पाळी कुणाची बघू? नवऱ्याची बघितली. त्याला वाटलं, लाडात आलेय. पांढरा कान घेऊन ऑफिसला गेला बिचारा.

तर उबदार जागा. तुम्हाला सांगते, शोधता शोधता नजर गेली सासरेबुवांवर. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून चार महिने माणूस रजई पांघरून खुर्चीत. फिरायला चला, नको. पत्ते खेळू या, नको. बोलणं म्हणजे एक 'हं' आणि एक 'नको', बाकी भिंतीकडे बघणं. घरात सगळ्यांच्या जिवाला घोर, म्हणून मोठ्या भावजींनी डॉक्टरांना घरी यायला सांगितलेलं, ते मी साफ विसरले. म्हटलं, "बाबा, हे पातेलं जरा मांडीवर धरता?" तर म्हणाले, "हं." ठेवलं, वरून रजई सारखी केली आणि गेले कांदा चिरायला.

दोन तासांत दुप्पट होतं म्हणे. पुस्तकात सगळं सोपं असतं हो, आमचं झालं तिप्पट! आणि नेमके तेव्हाच डॉक्टर दारात. मी कांद्यानं रडतेय, डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्या रजईच्या डोंगराकडे, आणि हलक्या आवाजात विचारलं, "काका, पोट असं कधीपासून?"

"सकाळी दहापासून."

"दुखतंय?"

"नाही. वाढतंय."

डॉक्टरांनी रजईखाली हात घालून दाबलं. बोटं आत गेली... आणि आतच राहिली. अहो, तीस वर्षांची प्रॅक्टिस, पण चेहरा माझ्या पिठाहून पांढरा! तेव्हा सासरेबुवा चार महिन्यांत पहिल्यांदा सबंध वाक्य बोलले. "हात काढा डॉक्टर, बसेल ना ते खाली."

हसून हसून मला जमिनीवर बसावं लागलं. वेणी भाजून निघाली ती थेट मगरीसारखी, पण सासरेबुवांनी शेपटीकडचे तीन तुकडे खाल्ले, मगरीचं डोकं डॉक्टरांनी कागदात बांधून नेलं.

आता रोज दहाच्या ठोक्याला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत हजर. "सूनबाई, आणा." दीडला जेवायची सुट्टी घेतात, तेव्हा दुसऱ्या खेपेचं पातेलं मी धरायचं. शेजारणींशी गप्पा काय मारतात, माझ्या मळण्याला नावं काय ठेवतात! माणूस सुधारला, माझे खांदे गेले. पुस्तकात सगळं सोपं असतं हो.

काल जाऊबाई आल्या, म्हणाल्या, गरम पाव खाऊ घाल. मी पातेलं घेऊन खुर्चीपाशी गेले, तर डोळेसुद्धा न उघडता म्हणाले, "आज रविवार. खिडकी बंद."

मग मीच गेले बेकरीत.