कार्डावरचा गुडघा

"माझ्या डिस्चार्ज कार्डात चूक दाखव, मिशी उतरवतो!" शिकाऊ डॉक्टर फोनवर बहिणीला सांगत होता. इतक्यात मागच्या बाकावरचं नवरा-बायकोचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

"अहो, ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं झालं ना? मग व्यायाम उजव्याचा का केलात?"

"कार्डावर उजवा लिहिलाय."

"टाके कुठे आहेत?"

"डाव्यालाच. म्हटलं, त्याला आराम द्यायचा असेल. डॉक्टरांना कळतं की तुला?"

"आणि आता डावा वाकतच नाही! मोठ्या डॉक्टरांना काय सांगणार?"

"मीच विसरलो म्हणेन. त्या पोराला उगाच बोलणी बसतील. बिचारा रोज 'काका, काका' करत यायचा."

डॉक्टरने फोन ठेवला. कानशिलं तापली होती. मान खाली घालून तो बाकापाशी गेला.

"काका, चूक माझी आहे. मोठ्या डॉक्टरांना मीच सांगतो. ते कार्ड द्या, आत्ता नवं आणतो."

"अरे, असू दे रे, बाळा."

तो धावत गेला, संगणकावरचं एक जुनं कार्ड उघडून त्यात काकांचं नाव आणि डावा गुडघा घातला, आणि छापून आणलं.

काकूंनी ते मोठ्याने वाचलं. गुडघा डावा होता. खाली सल्ला होता: बाळाला सहा महिने अंगावरच पाजावे.