एका शब्दाचं नाटक

…न्हाई न्हाई, मला एवढंच सांगा, दहा मिन्टात काय होतंय? नाटक म्हणे! दहा मिन्टाचं! अवो, आमच्या केदारखेड्याच्या नाटकात दहा मिन्टात पडद्याची गाठ सुटत नव्हती! तुम्हाला सांगतो, आमचे दादा, म्हंजे माझे वडील, दरसाल जयंतीला नाटक बसवायचे, आन् त्यात दादांचा मरायचा सीन असायचाच. तलवार पोटातून आरपार, आन् दादा उभेच! भाषण चालू! पोटात तलवार असल्यावर माणूस एवढा बोलतो व्हय? पण दादा बोलायचे. शेवटी पेटीवाला मागून म्हणायचा, "दादा, पडा आता, माझे हात दुखून राह्यले!" आन् समोर बाया पदरानं डोळे पुसत म्हणायच्या, "मरू नका वो इतक्यात!" ह्याला म्हणायचं नाटक!

आन् आमची पायल. भोकरदनला कॉलेजात जाती. एक दिवस आली आन् दप्तर बी खाली न ठेवता म्हणती, "पप्पा, आमच्याकडं छोट्या नाटकांची स्पर्धा आहे. दहा मिनिटांत सगळं संपलं पाहिजे. मी लिहिलंय. आणि त्यात आजोबा काम करणारेत."

आजोबा! आता तुम्हाला म्हाईत न्हाई म्हून सांगतो. मागल्या उन्हाळ्यात दादांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय गेला, वाचा गेली… म्हंजे सगळी न्हाई गेली. एक शब्द राह्यला. एकच! "बराबर." जेवता का दादा? बराबर. भाजी खारट झाली का? बराबर. मंग अळणी झाली का? बराबर! आमची रूपाली, पायलची आई, ती तर खूश. म्हणती, "माझं बराबर हाये असं म्हणणारं या घरात कोणी तरी निघालं!" हसता तुम्ही… आम्ही बी हसायचो. हसायचं न्हाई तर काय करायचं, सांगा ना?

मंग एक दिवस काकासाहेब आल्ते. दादांचे जुने दोस्त. नाटकात दादांना तलवार खुपसायचं काम त्यांच्याचकडं. बसले, चहा पेले, आन् दादांच्या देखत मला म्हणले, "राजानंद, आता काय राह्यलं रे यांच्यात?" दादांनी तोंड भिताडाकडं फिरवलं. त्या दिवसापासून ओट्यावर येऊन बसणं बिलकुल बंद. कोणी आलं की डोळे मिटून घ्यायचे, जसं काही झोप लागली.

आन् ह्या माणसाला स्टेजवर बशिवणार? मी म्हणलं, "पायल, लोकं हसतील. मला पाहवणार न्हाई. आन् दहा मिन्टात काय होतंय गं?"

तर ती मलाच शिकवून राह्यली! म्हणती, "पप्पा, तुमच्या मोठ्या नाटकात माणूस बाहेरून येतो, चपला काढतो, पाणी पितो, मग भांडतो. छोट्या नाटकात पडदा उघडायच्या आधीच भांडण लागलेलं असतं. काय बोलायचं ते नंतर. काय बोलायचं नाही, ते आधी ठरवायचं."

मी म्हणलं, आसं? मंग तुझ्या आजोबानं तर लईच ठरवलेलं हाये!

झाल्या ना तालमी सुरू. आमच्याच पत्र्याखाली. नाटक काय? एक ओटा, ओट्यावर एक म्हातारा. बास! मी म्हणलं राजा कुठंय, शिपाई कुठंय? काहीच न्हाई. शेजारची सून येऊन नवऱ्याचं गाऱ्हाणं सांगती, "मी बराबर केलं ना?" म्हातारा म्हणतो, "बराबर." ती गेली की नवरा येतो, "चूक तिचीच ना?" "बराबर!" सून म्हंजे पायलची मैत्रीण प्रीती, नवरा म्हंजे त्यांच्या वर्गातला मिथुन. आन् शेवटाला नात येती. ती पायल.

आता मजा ऐका. मिथुन लई लांबण लावायला लागला की दादा डाव्या हातानं काठी आपटायचे. ठक! पहिल्यांदा आम्हाला वाटलं, पाणी मागतेत. पाणी दिलं, ते बाजूला सारलं, परत ठक! पायल टक लावून पाहत राह्यली आन् म्हणली, "आजोबा, हे वाक्य काढू?" "बराबर!" जो माणूस पोटात तलवार घेऊन चार पानं बोलायचा, तो दुसऱ्याची वाक्यं छाटून राह्यला! एकदा त्यांनी पायलचं बी एक काढलं. ती रडली बिचारी. दुसऱ्या दिवशी त्या वाक्याशिवाय करून पाह्यलं, आन् रूपालीच्या हातातलं उलथनं हातातच राह्यलं, चुलीवर पोळी जळून गेली.

स्पर्धेच्या दिवशी रिक्षात घालून दादांना भोकरदनला नेलं. हॉल भरलेला. पहिल्या रांगेत कोण, तर काकासाहेब! कोणी बोलावलं? पायलनं! पडदा उघडला, दादा ओट्यावर. सून आली, नवरा आला, "बराबर" झालं, लोकं हसू हसू लोळायले. मी मनात म्हणलं, हसून राह्यले ना, आता संपव बाई जल्दी.

मंग पायल आली. जवळ बसली. म्हणली, "आजोबा, हे सगळे तुमच्यासमोर बोलतात. तुमच्याशी कोणीच बोलत नाही. तुम्हाला वाईट वाटतं का?"

तालमीत दादा लगेच बोलायचे. आन् इथं… गप.

गप म्हंजे गप! आख्खा हॉल गप. अरे देवा, माणसाकडं एकच शब्द, आन् तोच इसरला का काय! मी उठलोच पळत जायला, तर रूपालीनं सदरा धरून खाली ओढलं. "बसा! त्यांनी जागा घेतलीय."

"कसली जागा?"

"आवं, मुद्दाम थांबलेत ते. बघा तरी!"

बघितलं. दादा या टोकाकडून त्या टोकाकडं लोकांवरून नजर फिरवून राह्यले होते. सावकाश. एकेकाला पाहत. घाई न्हाई, काही न्हाई. काकासाहेबांपाशी नजर आली आन् थांबली. काकासाहेबांनी मान खाली घातली. मंग पायलकडं पाह्यलं, आन् इतकं हळू, इतकं हळू म्हणले…

"बराबर."

अंधार.

टाळ्या लवकर आल्याच न्हाईत. मंग आल्या, तं थांबेनात. मी? मला काय इचारता… माझ्या शेजारी कोण बाई होती म्हाईत न्हाई, तिनं आपला रुमाल मला दिला.

मागं गेलो तर काकासाहेब माझ्या आधी तिथं. दादांच्या खुर्चीपाशी खाली बसलेले. मला न्हाई, दादांना म्हणले, "दादा, मी लई चुकलो. लई मूर्ख माणूस हाये मी."

दादा म्हणले, "बराबर!"

आन् दोघं बी असे हसले, असे हसले, काकासाहेबांचा चष्मा पडला खाली. मंग दादांनी माझ्याकडं पाह्यलं आन् एक भुवई वर केली. नाटक झाल्यावर माझ्या आईला तसंच इचारायचे, कसं झालं? मी नुसता त्यांचा हात धरून उभा राह्यलो. दहा मिन्टात काय होतंय म्हणणारा मी!

नंबर बिंबर काही आला न्हाई, ते सोडा. पण आता दादा रोज ओट्यावर. काकासाहेब येतेत, समोर बसून दिवसभराचं सगळं सांगतेत. पायलचं पुढचं नाटक बी तयार झालं. दादांना मोठं काम, काकासाहेबांना काम, आता तर रूपालीला बी काम! मी म्हणलं, "बेटा, आन् मला?"

दादांकडं पाह्यलं तिनं, दादांनी काठी आपटली, ठक, आन् ती म्हणली, "पप्पा, तुम्ही बाभळीचं झाड. बोलायचं काही नाही."

मी म्हणलं, ठीक हाये बाई. फांद्या तरी हलवतो.

तर म्हणती, "वारं सुटलेलं नाही, पप्पा."