देवा, हाय का जागा?

व्हय, ह्याच रविवारी. आईनंच सांगितलं ना तुमाला? आन् सांगताना पदर डोळ्याला लावला असंल — मला म्हाईत हाय. बसा काका, नीट टेकून बसा, आन् तो चहा घ्या आधी, साय धरतीय त्याच्यावर. तर व्हय — शिरूरला, घोडनदीच्या पाण्यात, तिथल्या चर्चचा सत्यजीत पाळक बाप्तिस्मा देणार मला. म्हाळू लाइनमनची थोरली पोरगी माया रविवारपासनं ख्रिस्ती. तुमी दौंडवरनं एवढ्या उन्हाचं खुटबावला आलात, बाबा गेल्यावर इतक्या म्हैन्यांनी का व्हईना पण आलात, आन् टेकता टेकता मला इचारता काय, तर — तुझ्या बापाला काय वाटलं असतं? वाटलं असतं काय म्हणता? रोज वाटतं त्यांना. रोज बोलतात. मी तिकडं शिरूरला भाकरी थापत असते न्हाईतर कंपनीच्या बसमधी असते, आन् कानाशी असा खाकरा येतो — तुमाला म्हाईत हाय त्यांचा खाकरा, मुद्दा मांडायच्या आधीचा — की मी समजते, आता बाबा सुरू व्हणार. न्हाई, घाबरू नका, अंगात-बिंगात येत न्हाई माझ्या. भूत म्हणलं तर पहिले बाबाच रागावतील. पण बोलतात, हे खरंय.

तुमी नोकरीत त्यांच्यासंगं निम्मी हयात काढली, पण घरातले बाबा तुमाला कुठं म्हाईत? ह्या घरात ‘देव’ म्हणायची सोय नव्हती. ‘देव जाणे’ म्हणलं की त्यांचा घास हातात थांबायचा — तो कशाला जाणंल, तू जाणून घे की! ठेच लागली तर आमी ‘आई गं’ म्हणायचं, ‘अरे देवा’ न्हाई. शेजारची सविता वहिनी एकदा देवाशप्पथ म्हणाली तर तिला सुद्धा म्हणाले, वहिनी, सोताची शपथ घ्या, ती मोडायला जड जाती. वर्षभर बोलत नव्हती ती आमच्याशी. असा माणूस. बाबासाहेबांच्या प्रतिज्ञा दाढी करताना म्हणायचा, गालाला फेस लावून, मोठ्यानं, गल्लीला ऐकू जातील अशा — आन् त्याची पोरगी हे असं. मला बी कळतं की ते. आईच्या तोंडाकडं बघवत न्हाई मला, म्हणून तर स्वयंपाकघरात जास्ती येळ बसत न्हाई.

पण मी काय डोळं झाकून गेले न्हाई हां त्या वाटेला. मला कुणी तांदूळ दिले न्हाईत, माझ्या घरात कुणाचा ताप उतरला न्हाई. कंपनीतली मोनाली मला प्रार्थनेला घिऊन गेली, तिथं ह्यो सत्यजीत पाळक — पोरगेलासाच हाय, पण वाचलेला — त्याला मी पयल्याच दिवशी म्हणलं, दादा, गाणी नकोत, मला मुद्दे दे. त्यानं दिले. म्हणला, ताई, आगगाडी बघा. शेवटच्या डब्याला त्याच्या पुढचा वढतो, त्याला त्याच्या पुढचा — पण नुसते डबेच डबे असते तर गाडी हालली असती का? कुठंतरी इंजिन पायजेच. तसं ह्या जगाचं. आता खुटबावात रुळाकडंला जल्मलेल्या पोरीला आगगाडीचा दाखला दिल्यावर पटणारच की. आन् घरी येते तर खाकरा — ‘माये, त्या इंजिनात डिझेल कोण घालतं ते इचार त्याला.’ झालं! परत गेले. तो म्हणला, ताई, डोळा बघा माणसाचा, एवढी बारीक जुळणी आपोआप व्हईल का? — ‘मंग मोतीबिंदू कुणी जुळवला, माये?’ परत गेले. तो म्हणला, चांगलं-वाईट आतनं कळतं ना माणसाला, ते आत कुणी ठेवलं? मला वाटलं, जिंकले. आन् मंग बाबा हळूच — ‘चांगलं-वाईट कळायला देव लागत असता, तर ज्यांनी देवाचं नाव घिऊन आपलं पाणी तोडलं त्यांना आधी कळलं असतं.’ पाळकाला जाऊन सांगितलं. तो म्हणला, बरं ताई, असं समजा — देव मानला, आन् नंतर कळलं की नव्हताच, तर आपलं गेलं काय? — काका, तुमी हसताय! तुमाला उत्तर म्हाईत हाय! — ‘ताठ मान गेली.’ व्हय, हेच म्हणाले. शब्दाला शब्द.

तर मुद्द्यात बाबा हारले न्हाईत. जिते असताना कुणाला हारले न्हाईत, मेल्यावर काय हारतील. मला धरलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. पाळक एकदा सहज वाचत व्हता — येशूला मारला तो वेशीबाहेर नेऊन. मी म्हणलं, थांब, परत वाच. त्यानं परत वाचलं. वेशीबाहेर! काका, आपली वस्ती कुठं व्हती? आजा-पणजा कुठं ऱ्हायला? आजवर जेवढे देव ऐकले ते समदे वेशीच्या आत, आन् आमी लांबनं हात जोडायचे — म्हणून तर बाबांनी हात जोडायचं सोडलं. आन् ह्यो एक, जल्माला येताना कुणी खोली दिली न्हाई आन् मारायला बी बाहेरच नेला. आन् मरताना ह्यो बी वर बघून इचारतोय, मला का टाकलं. देव असून! मला तिथंच रडू आलं, बायका बघायला लागल्या. घरी आले, बाबांना सांगितलं मनातल्या मनात, आन् वाट बघितली. खाकरा आला न्हाई. पयल्यांदा. अजून बी ते त्याच्यावर काय बोलले न्हाईत.

आन् मंग ते बाबांचं शेवटचं. आईला बी म्हाईत न्हाई ते. तुमच्यापासनं कशाला लपवायचं. बाबा माझ्याकडं व्हते, शिरूरला, दवाखान्यात. खिडकीखाली रस्ता, डेपो जवळच, दिवसभर एसटीचे भोंगे. तोंडातनं शब्द असा उरलाच नव्हता, नुसती नजर फिरायची. आन् त्या सकाळी एकदम डोळं उघडून म्हणाले, पिशवी दे. कुठली पिशवी? मी आपली गोळ्या-औषधाची पिशवी दिली हातात, ती धरली घट्ट. आन् दाराकडं बघून — माझ्याकडं न्हाई, दाराकडं — मोठ्यानं, एवढा आवाज त्या कुडीत आला कुठनं — ‘देवा, हाय का जागा?’ एकदाच. आन् थांबले. उत्तराची वाट बघत्यात असं तोंड. ते तोंड तसंच ऱ्हायलं, काका. मी हात धरून उभी व्हते. मी काय बोलले न्हाई. मला इचारलंच नव्हतं ना.

कुठं बोलले नव्हते मी हे. कुणाला सांगणार, म्हाळू लाइनमन मरताना देवा म्हणला? वस्तीत हसं झालं असतं त्यांचं. पण एक दिवस मी पाळकाला सरळ इचारलं — माझा बाप आता कुठं हाय? तुझ्या पुस्तकाच्या हिशोबानं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नको. तो खोटं बोलत न्हाई, हे त्याचं चांगलंय. कागद फिरवत बसला. ते बघून माझ्या तोंडातनं निघूनच गेलं — देवा, हाय का जागा. अवो, तो पोरगा उठून उभा ऱ्हायला! म्हणला, ताई, मंग झालं की! शेवटच्या श्वासाला हाक मारली तरी तो लोटत न्हाई, आन् जागा तर त्याच्याकडं लई हाय. पिशवीचं सांगितलं, तर म्हणला, प्रवासाला निघालेला जीव तो. त्या दिवशी मी ठरवलं. मुद्द्यांनी न्हाई, वेशीबाहेरच्या त्या वाचण्यानं बी न्हाई — कशाला खोटं बोलू, ह्यानं ठरलं. बाबा कुठंतरी हायेत, ह्यानं. चर्चच्या मंडळीपुढं उभी राहून साक्ष दिली मी. किती दिवसांनी भाकरी गोड लागली मला.

आन् परवा मी इथं आले, तर आई भांडी घासता घासता म्हणती — तिला कमी ऐकू येतं ना, वरडूनच बोलती — ‘माया, देवाचा फोन आलता!’ मी म्हणलं, कुणाचा? ‘अगं, देवाचा. दौंडच्या. भेटायला येतो म्हणलाय.’ देवा म्हंजी तुमी! आमाला तुमी ज्ञानदेव काका. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर ज्ञानदेव. बाबा तुमाला काय म्हणायचे ते मला कसं म्हाईत असणार? ज्यांनी घरात तो शब्द शिरू दिला न्हाई, ते रोज सकाळी घराबाहेर पडून — मी आईला म्हणलं, हाक कुठनं मारायचे गं? ती म्हणती, फलाटावरनं, अजून कुठनं. पुण्याची शटल दौंडवरनंच भरून यायची, तुमी आधीच चढलेले, शेजारी रुमाल टाकून बसलेले, आन् खुटबावला गाडी थांबली की बाबा डब्याची पिशवी घिऊन खिडकीखालनं वरडायचे. काय वरडायचे, ते ती बोलली न्हाई. मी इचारलं न्हाई. इचारायला काय ऱ्हायलंय त्यात?

पण मंग मी सोताशीच भांडते. म्हणते, आपल्या बोलीत दोस्ताला अरे-तुरे आन् देवाला बी अरे-तुरे, मंग हाक कुणाची कुणाला, कोण सांगणार? पिशवी धरली — तिकडं बी बसतं, इकडं बी बसतं. दाराकडं बघितलं — दोन्हीकडं बसतं. पाळकाच्या समद्या मुद्द्यांसारखंच झालंय बगा माझं, ज्याला जे बघायचंय ते त्याला दिसतंय. आन् राग येतो मला. तुमचा बी येतो, तोंडावर सांगते. निरोप धाडला व्हता मी. तुमी ऑपरेशन होऊन पडला व्हता, कळतं मला, तुमचा दोष न्हाई — पण त्या दारात कुणी आलं न्हाई, काका. माझ्या बापाचे असून नसून दोन देव, एक दौंडचा आन् एक वरचा, आन् दोन्हीतला एक बी आला न्हाई. मरता माणूस एवढं साधं इचारतोय, आन् हाय म्हणायला कुणी न्हाई, न्हाई म्हणायला बी न्हाई.

वरच्याला मारली असंल हाक, तर बाबा हायेत, आन् मी पाण्यात उतरले की कवातरी गाठ पडंल. तुमाला मारली असंल — तर पाळकाच्या हिशोबानं बाबा बाहेर, आन् बाबांच्या हिशोबानं बाबा न्हाईतच, दिवा विझला, ज्योत कुठं गेली इचारायचं न्हाई. मंग मी कुठं निघालेय रविवारी? ज्या घरात माझ्या बापाला जागा न्हाई त्या घरात जाऊन मी काय करू? हे पाळकाला कसं इचारू? त्यानं मला नदीवर नेसायला पांढरी साडी बी आणून ठेवलीय.

काय उत्तर द्यायचा हो तुमी? खिडकीतनं? ‘हाय, ये’ — असंच ना? मला आता काय वाटतं सांगू — हसू नका — ते अजून तिथंच उभे असतील असं वाटतं. पिशवी घिऊन. गाडी थांबली की हितं बसल्या बसल्या माझा जीव फलाटावर जातो. बाबांनी शिकवलं मला असलं काय नसतं म्हणून, आन् तेच मला तिथं दिसतात. आन् वाटतं, कुणी एकदा हाय म्हणलं तर चढतील तरी. तुमी म्हणा ना काका. हितं, ह्या घरात, जसं म्हणायचा तसं, मोठ्यानं म्हणा. एकदाच —

न्हाई. थांबा. थांबा, तोंड मिटा! बोलू नका. तुमी उत्तर दिलं म्हंजी ती हाक तुमालाच व्हती. मंग वरच्याला माझ्या बापानं हाकच मारली न्हाई. उठा काका. चपला दाराशी हायेत, गाडीची येळ झालीय, आईला मी सांगते काय सांगायचं ते. अवो उठा की — आन् डोळं पुसा आधी, ते बी उत्तरच झालं ना! जावा. काय बोलू नका, जावा.