जुहेबनं लिहून ठेवलेलं

(रोह्याजवळचं अष्टमी गाव. १९९९ सालातली एक सकाळ. जेद्दाहून सुट्टीवर आलेला अब्बास आणि त्याची बायको खतीजा बंद पडलेल्या कंप्युटरसमोर आहेत. पेणला फोन लावलाय; मुलाचा दोस्त हितेश याचा आवाज तिथून, स्पीकरमधून येतो.)

खतीजा : ...आणि हितेशला खरं काय ते सांगा. पोरगा घरातनं निघून गेलाय म्हणावं.

अब्बास : नाय सांगायचं. पेणेत एकाला सांगितलं की दुपारच्या एसटीनं बातमी रोह्यात. आधी हा डबा चालू होऊ दे. त्यात लिहिलंय ना त्यानं, कुठं गेला ते?

खतीजा : जाताना बहिणीला, उजमाला तेवढंच बोलला. ‘अम्मीसाठी कंप्युटरमधे लिहून ठेवलंय.’ ती बया अर्ध्या झोपेत, हं बोलली आणि कूस बदलून झोपली. मला सांगितलं कधी, तर तुम्ही ह्या डब्याची आतडी बाहेर काढल्यावर.

अब्बास : मला काय गैबातलं, न सांगितलेलं कळतं? फजरच्या नमाजला उठलो तर पडदा चालू आणि पोरगा नाय. वाटलं, रातभर खेळून उंडारायला गेला.

खतीजा : पडद्यावर काय होतं, जरा आठवा.

अब्बास : पांढरं होतं. त्यावर काळी अक्षरं. मी अक्षरं कुठं बघतो गो? वायर उपटली, झाकण उघडलं आणि ती खेळाची पट्टी काढून पलंगावर फेकली. ही एवढी पट्टी, हिच्यापायी पोरगा बापाच्या तोंडाला लागतो.

खतीजा : पट्टीपायी नाय लागला. जेद्दाला येत नाय, एवढंच बोलला काल. तुम्ही हात उगारलात.

अब्बास : मारला नाय.

खतीजा : मी पुलापर्यंत जाऊन आले. पुलावर कोण नाय. चपला घालून गेलाय, म्हणजे लांब जायच्या हिशेबानं गेलाय ना? नदीवर जाणारा चपला कशाला घालील?

अब्बास : गप बस. उचलला फोन.

हितेश : हॅलो, कंप्युटर क्लास, पेण. हितेश बोलतोय.

अब्बास : मी रोह्याहून अब्बास. जुहेबचा बाप.

हितेश : चाचा? सलाम चाचा. जुहेबचं लय ऐकलंय तुमच्याबद्दल. म्हणजे, जुहेबकडून. कुठाय तो?

अब्बास : तो मुंबईला गेलाय. व्हिसाच्या मेडिकलला.

खतीजा : या अल्ला.

हितेश : मेडिकलला? मला तर तो बोललेला की... असो. काय झालं?

अब्बास : खेळाची पट्टी काढली होती, परत बसवली. आता पडद्यावर काय येत नाय. वाजतं नुसतं.

हितेश : कसं वाजतं? एक लांब आणि दोन बारके?

खतीजा : तसंच वाजतं. आजारी माणूस कण्हतो तसं.

हितेश : मग ग्राफिक्स कार्ड नीट बसलेलं नाय. घाबरू नका, काकी. प्लग काढा पहिला. चाचा, हात कोरडे करा आणि आधी डब्याच्या उघड्या पत्र्याला लावा. मग कार्डाच्या दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून सरळ खाली दाबा. तिरकं नको.

अब्बास : पाइप फिटर हाय मी, बावीस वर्षं. कुठली वस्तू कुठं बसते ते हाताला कळतं.

खतीजा : सकाळी कुठं गेला होता तुमचा हात?

अब्बास : बसली. टक् झालं.

हितेश : आता स्क्रू आवळा, प्लग लावा आणि चालू करा.

खतीजा : एकदाच वाजला. दिसाय लागलं. अक्षरं आली... रंगीत चित्र आलं... गेलं. परत काळं.

हितेश : कार्ड चांगलं हाय. ड्रायव्हर बिघडलाय त्याचा.

अब्बास : आता हा कोण?

हितेश : प्रोग्राम असतो, चाचा. कार्डाची भाषा कंप्युटरला सांगणारा दुभाष्या समजा. नवीन गेमसाठी जुहेबनं परवाच माझ्याकडून नवा नेला. तोच रुसला असेल. मशीन बंद करून परत चालू करा, आणि चालू होता होता एफ आठ दाबत राहा. वरच्या रांगेत असेल.

अब्बास : आकडे येतात मला. दाबतोय.

खतीजा : काळ्यावर पांढरी यादी आली.

हितेश : तीन दाबा आणि एंटर मारा. सेफ मोड बोलतात त्याला. ड्रायव्हरला बाजूला बसवून कंप्युटर उघडतो. चित्रं मोठी, भोंगळ दिसतील. दिसली का?

खतीजा : दिसली. मधी एक पेटी आलीय, काय तरी लिहिलेली.

हितेश : वाचा बघू.

खतीजा : अरबीत हाय.

हितेश : अरबीत?

अब्बास : जेद्दाचा कंप्युटर हाय. तिथं काय मराठीत मिळणार?

हितेश : चाचा, मला अरबीचं एक अक्षर येत नाय. जुहेब कधी बोलला नाय. तुम्हाला तर येत असेल ना? बावीस वर्षं तिकडं.

अब्बास : बोलाय येते. फोरमनशी भांडतो मी अरबीत. वाचाय नाय येत.

खतीजा : मदरशातनं पळाले होते लहानपणी. मौलवीसाहेबांच्या छडीला भिऊन मचव्यावर जाऊन लपले, ते दर्यावरच राहिले.

अब्बास : ते आता काढायचं काम नाय. तू वाच. तू कुराण वाचतेस.

खतीजा : कुराण वाचते, त्याला जबर-जेर, आपल्या वेलांट्या-मात्रांसारखे, लावलेले असतात. ह्याला काय नाय. नुसती हाडं उभी केलीत अक्षरांची. आणि वाचलं तरी अर्थ कुठं कळतो मला?

अब्बास : तू अक्षरं बोल. अर्थ मी बघतो.

खतीजा : खाली बटन हाय. मीम... वाव, अलिफ, फे, काफ.

अब्बास : म-वा-फ-क. मुवाफिक. कबूल हाय, असं.

हितेश : तेच दाबा. बरोबर. अहो चाचा, जमलं की. आता कंप्युटरचं बारकं चित्र शोधा, त्यावर माऊसचं उजवं बटन दाबा. यादी पडेल. शेवटची ओळ वाचा.

खतीजा : खे, स्वाद, अलिफ... मग इ, मग स्वाद.

अब्बास : खसाइस. म्हणजे खासियत, काय कसं हाय ते.

हितेश : प्रॉपर्टीज. दाबा. आता वरती चिठ्ठ्यांसारखी नावं असतील, तुमच्याकडे उजवीकडून चालू होतील. दुसरी दाबा. यादीत टीव्हीसारखं चित्र दिसेल, ते उघडा. त्याच्याखाली कार्डाचं नाव असेल इंग्रजीत. ते निवडा आणि खालची बटनं वाचा.

खतीजा : अलिफ, झे, अलिफ, लाम, हे.

अब्बास : इझाला.

हितेश : म्हणजे?

अब्बास : काढून टाकणं.

हितेश : हां, तेच दाबा. हो की नाही विचारेल, हो म्हणा.

खतीजा : दाबू नका.

हितेश : काय झालं?

अब्बास : हितेश, काढून टाकलं की पोरानं लिहिलेलं पण जाईल काय?

हितेश : कसलं लिहिलेलं?

अब्बास : काय नाय. असंच विचारलं.

खतीजा : बस झालं तुमचं. हितेश, बेटा, जुहेब मेडिकलला नाय गेला. पहाटे घरातनं गेलाय. कुठं गेला ते ह्याच्यात लिहून ठेवलंय. काल बापाशी भांडण झालं, जेवला नाय. तू त्याचा दोस्त ना? तुला काय बोलला होता का?

हितेश : काकी... नाय. तिकडं जायचं नाय, एवढंच बोललेला. आधी सांगायचं ना, चाचा. मी ड्रायव्हर घेऊन बसलो.

अब्बास : बापानं काय सांगायचं? पोरगा पळाला सांगायचं?

हितेश : थांबा. ड्रायव्हर मरू दे. आता पडदा दिसतोय ना, तेवढं पुरे. एक सांगा, चाचा, सकाळी तुम्ही कंप्युटर बंद कसा केला?

अब्बास : वायर उपटली.

हितेश : अरे देवा.

खतीजा : का? का रे?

हितेश : लिहून झालं की ते जपून ठेवावं लागतं, काकी. सेव्ह करावं लागतं. त्यानं नसेल केलं आणि वायर निघाली, तर...

खतीजा : तर काय?

हितेश : तर नसेल ते. पण जुहेब असं करणार नाय. माझ्या क्लासातल्या पोरांना तोच ओरडतो, आधी सेव्ह करा म्हणून. ती पेटी बंद करा. कोपऱ्यात फुली हाय, तुमच्या डाव्या हाताला. आता मोकळ्या पडद्यावर जेवढी चित्रं आहेत, त्यांची नावं वाचा. एकेक.

खतीजा : हे कंप्युटरचं. हे काय तरी लांबलचक. हे बादलीचं चित्र... हे इंग्रजीत. हे पण इंग्रजीत.

अब्बास : घाई करू नको. पहिल्यापासून बघ.

खतीजा : बघतेय ना. डोळ्यात पाणी येतं, दिसत नाय. खाली एक कागदाचं चित्र हाय. ह्याच्यावर जबर-जेर लावलेत. अलिफ जबर... मीमवर तश्दीद, म्हणजे दोनदा म... अम्मी. अम्मी लिहिलंय ह्याच्यावर.

हितेश : तेच. पटापट दोनदा टिचकी मारा त्यावर.

अब्बास : मारली. काय होत नाय.

हितेश : अजून पटापट.

अब्बास : बोट ऐकत नाय माझं. उंदीर नुसता इकडंतिकडं पळतो.

हितेश : असू दे. उजवं बटन दाबा, यादी पडेल, त्यातली पहिली ओळ.

अब्बास : पडली यादी. ही ओळ?

खतीजा : थांबा. हे... ज़ाल... फे.

अब्बास : हज़फ?

हितेश : काय झालं?

अब्बास : हज़फ म्हणजे पुसून टाकणं. मी पुसत होतो. खतीजा, मी आता पुसून टाकलं असतं.

हितेश : टिचकी मारली का?

खतीजा : नाय मारली. मनगट धरलंय मी त्यांचं. सोडा तो उंदीर. सोडा, मी करते. तुम्ही खुर्चीत बसा.

हितेश : काकी, सगळ्यात वर जा.

खतीजा : फे, ते, हे.

अब्बास : फतह. उघडणं. दाब.

खतीजा : उघडलं. पांढरं झालं. लिहिलंय. केवढं लिहिलंय, आणि सगळ्याला जबर-जेर लावलेत पोरानं. एकेका अक्षराला. अक्षरं कुराणाची, पण बोली आपलीच हाय. मला कळतंय. हितेश, मला वाचता येतंय.

हितेश : वाचा, काकी.

खतीजा : ‘अम्मी, घाबरू नको. मी निडीला खालाकडे जातो. पहिल्या गाडीनं. मी जिवाचं काय करून घेणार नाय. तुझी कसम.’

हितेश : झालं, काकी. मावशीकडंच गेलाय. निडी काय, हाकेवर हाय. रडू नका.

अब्बास : निडीला हाय. अल्ला, निडीला हाय.

हितेश : मी ठेवतो आता. बाकीचं घरातलं असेल, तुम्ही वाचा. आणि चाचा, ड्रायव्हरचं मी येऊन बघतो रविवारी. तुम्ही काय काढू नका.

अब्बास : नाय काढत. खुश राहा, बेटा... पुढं काय लिहिलंय?

खतीजा : पुढं असंच. ‘उजमाला अभ्यासाला बसव. माझ्या जेवणाच्या डब्यातली भाजी काढून ठेव, खराब होईल.’

अब्बास : तुझं बोट चार ओळी खाली गेलं.

खतीजा : कुठं गेलं?

अब्बास : खतीजा, मला वाचता येत नाय. दिसतं. मधलं वाच.

खतीजा : कशाला? पोरगा जिवंत हाय, निडीत हाय. बाकी पोरबुद्धी.

अब्बास : वाच गो. मी काय बोलणार नाय.

खतीजा : ‘अब्बांना सांगू नको मी कुठं हाय ते.’

अब्बास : पुढं.

खतीजा : ‘जेद्दाला जायला मला भीती नाय वाटत. काम पण करीन. पण तिथं अब्बांच्या खोलीत राहावं लागेल. ते दोन वर्षांनी येतात, मी सलाम करतो, ते माझी उंची किती वाढली बघतात, आणि दोन महिने मी आवाज न करता चालतो. तुला नाय समजणार, तू त्यांना ओळखतेस. मी नाय ओळखत. मला त्यांची भीती वाटते, अम्मी.’

अब्बास : एवढंच?

खतीजा : एवढंच.

अब्बास : मी कधी मारलं नाय त्याला.

खतीजा : नाय मारलं.

अब्बास : दर वेळी बॅगेत पहिलं त्याचं सामान भरतो. मग माझं.

खतीजा : माहितीय मला. उठा, तोंडावर पाणी मारा. नाक्यावर रिक्षा असेल, दोघं जाऊन घेऊन येऊ.

अब्बास : तू जा.

खतीजा : मी एकटी? सकाळपासून जीव खाली-वर होतोय तुमचा. बघायचा नाय त्याला?

अब्बास : बघायचाय. पण मला दारात बघितलं तर तो निडीहून पण पुढं पळंल. तू एकटीच जा गो.