क्लचच्या पायात चप्पल

आमच्या जुन्या ट्रॅक्टरचं सांगते, ऐका. लेकीचं बाळंतपण सुखरूप झालं म्हणून त्या नवरात्रात मी यांनाही अनवाणी राहायचं व्रत धरायला लावलं होतं. कापलेलं भात शेतात, आंबेनळी घाटावर ढग जमलेले, आणि ट्रॅक्टर काही गिअर घेईना. नुसती करकर!

महाडहून रफिकभाई मिस्त्री आले.

"क्लचप्लेट गेली हाय, खोला," हे म्हणाले.

"खोलला तर दोन दिस जातील, भाऊ. आधी बघू तरी."

मिस्त्रींनी बुटाच्या पायाने क्लच दाबला. गिअर मुकाट पडला. मग हे चढून बसले, तर पुन्हा करकर!

"तुमच्यावर रुसलाय," मिस्त्री हसले आणि खाली वाकले. "अहो, क्लच अर्धाच दाबताय! पेडलचा रबर गेलाय, उघडं लोखंड हाय. टोचतंय ना?"

"छे! टोचतंय कुठं?" म्हणत यांनी तळवा लपवला.

"चप्पल घाला, झालं काम."

"व्रत हाय. मोडायचं नाय," हे माझ्याकडे बघत म्हणाले.

मला व्रतही मोडायचं नव्हतं आणि भातही भिजू द्यायचं नव्हतं. मी यांची डावी चप्पल आणली आणि सुतळीने पेडलवर करकचून बांधली.

"दाबा आता. व्रत तुमचं आहे, ट्रॅक्टरचं नाही."

पाऊस आला तेव्हा भात पडवीत होतं.

दसऱ्याला व्रत सुटलं, तर हे एका पायात चप्पल घालून दारात उभे. "दुसरी दे गो सोडून."

"मळणी होऊ दे, नाहीतर ट्रॅक्टर पुन्हा रुसेल," मी म्हटलं. "तोवर डावा पाय राहू दे अनवाणी."