जवसाचं कापड आणि काशाचे खवले

आदरणीय अध्यक्ष, पुजारी थेर्सांद्रोसजी, एवढ्या पायऱ्या चढून आलात, गुडघा फार कुरकुरत नाही ना? आतल्या दालनात बसलेल्या वहिनी, भाऊंच्या प्रवासाची बांधाबांध करून कंबर धरली होती, आता कशी आहे? आणि आजचे सत्कारमूर्ती, कासार युफ्रानोरभाऊ, तुमचा खोकला काय म्हणतो? जमलेल्या समस्त कॉरिंथकरांना माझा नमस्कार.

भाऊ उद्या जहाजानं सिसिलीला निघालेत, मुलाकडे, कायमचे. मी काही बोलण्यातला माणूस नाही, सुईदोऱ्यातला. तीस वर्षं आमची दुकानं समोरासमोर. ते काशाची चिलखतं घडवायचे, मी जवसाच्या धाग्याच्या कापडाचे पंधरा पदर एकावर एक शिवून चिलखतं करायचो. त्यांचं चिलखत घालणं म्हणजे पंधरवड्याचं कोकरू अंगावर बांधून चालणं. मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, "त्यात मरणार नाहीस बाबा, पण लढाईला पोचशील कधी?" भाऊ पलीकडून म्हणायचे, "याचंच घे. रक्ताचे डाग धुवायला सोपं." असे ते दिवस.

मग माझ्या लिसांद्रोसला लढाईचं बोलावणं आलं. खरं सांगू? माझा माझ्याच टाक्यांवरचा विश्वास उडाला. मान खाली घालून भाऊंकडे गेलो, म्हटलं, पोराला काशाचं घडवा, जाडात जाड.

भाऊ हसले नाहीत. घण खाली ठेवला.

"खांदे पाहिलेस का त्याचे? दुपारपर्यंत ढाल खाली येईल त्याची. तुझंच घाल."

"तुमचा मुलगा असता तर?"

"गेल्या वर्षी तुझंच घालून गेला तो. शेजाऱ्याकरवी घेतलं. मी कुठल्या तोंडानं येणार होतो?"

मग भाऊंनी काशाचे पातळ खवले कापले, आणि ढाल पोचत नाही त्या उजव्या कुशीवर मी ते एकेक टाचले. लिसांद्रोस परतला तेव्हा तीन खवले चेपले होते, खालचं कापड शाबूत. आत्ता तुमच्या पेल्यांत द्राक्षारस ओततोय, तो तोच.

भाऊ, तीस वर्षं थट्टा केली, आभार एकदाही मानले नाहीत. आज मानतो. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी मोठ्या मनानं सोडून द्यावं. आणि भाऊ, पोचलात की शिशाच्या पत्र्यावर चार ओळी कोरून परतीच्या पहिल्या जहाजानं धाडा. माझा नातूही आता अंगानं भरतोय. त्याच्या अंगावर काय चढवू, हे विचारायला समोर कोणी उरणार नाही. लवकर लिहा.