घाणेरीची फांदी

निफाडहून नाशिकला निघालेल्या एसटीत मागच्या सीटवर गावाकडची आत्या आणि शहरातली भाची यांची जुंपली, तशी त्यांच्या पुढं बसलेल्या भाग्यश्रीनं ऐकायला कानातला इअरफोन हळूच काढला.

"सायली, त्या पिशवीत काय हाय?"

"घाणेरीच्या फांद्या, आत्या. हॉलमध्ये कुंडीत लावणार. फुलं किती गोड आहेत!"

"गोड? त्या घाणेरीनं माझा अख्खा बांध गिळला! खणून खणून हाताची सालटी निघाली, तरी मेली उगवतीच हाय. आणि तू तिला घरात पाणी घालून पोसणार?"

"चारच तर फांद्या घेतल्या."

"मला विचारलं का नाय?"

"चोरून आणलेलं रोप चांगलं जगतं म्हणतात."

"अगं भवाने, चोरायचीच होती, तर मुळासकट चोरायचीस की!"